फोटोअ‍ॅनोडसाठी देशी स्प्रे पायरोलिसिस युनिट : प्लेट दणकट, हूड बिनकामाचा

सोलापुरातल्या कॉलेजच्या लॅबला थिन फिल्मचं मशीन घ्यायचं म्हटलं की बजेट बघून गाडी शेवटी स्प्रे पायरोलिसिसवरच येते, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर बसवण्यावर. या युनिटमध्ये हॉट प्लेट, तापमान स्थिर ठेवणारा पीआयडी कंट्रोलर, काचेचा नोझल, छोटा कॉम्प्रेसर आणि वर वाफेसाठी हूड (धुराडं) मिळतो. चाचणी टिन-डोप्ड हेमॅटाइटच्या (किंचित टिन मिसळलेल्या लोखंडाच्या ऑक्साइडच्या) फोटोअ‍ॅनोडवर, म्हणजे प्रकाश पडला की करंट देणाऱ्या इलेक्ट्रोडवर, घेतली.

प्लेट उत्तम. ४०० अंशांवर लावली की हलत नाही. पण तापमान मोजणारा थर्मोकपल प्लेटच्या पोटात आहे, त्यामुळे डिस्प्लेवरचा आकडा प्लेटचा, वर ठेवलेल्या एफटीओ (वीजवाहक थर दिलेल्या) काचेचा नव्हे. काचेचा पृष्ठभाग त्याहून थंड असतो आणि फवारा सुरू झाला की आणखी उतरतो. म्हणून सलग फवारू नये. पाच सेकंद फवारा, अर्धा मिनिट विश्रांती. नोझल २५ ते ३० सेंटीमीटरवर ठेवावा. जवळ आणला तर ओले थेंब पडून कडी उमटतात, लांब नेला तर थेंब वाटेतच वाळतात आणि बोट फिरवलं की निघून येणारी भुकटी बसते. एप्रिल-मेच्या उकाड्यात कोणीतरी छताचा पंखा लावतंच. तेवढ्यानं फवारा एका बाजूला जातो.

सोबतच्या पुस्तिकेत डोपंट (मिसळायचा घटक, इथे टिन) थेट तोलून घालायला सांगितलंय. ते मनावर घेऊ नका. ०.१ मोलर द्रावणाच्या १०० मिलीला २.७० ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट लागतं. त्यात एक टक्का टिन म्हणजे टिन क्लोराइड पेंटाहायड्रेट जेमतेम ३५ मिलिग्रॅम. हे मीठ हवेतलं पाणी ओढतं, तोलेपर्यंत चिकट होतं. त्यापेक्षा ३.५१ ग्रॅमचं १०० मिली साठा द्रावण करा, गढुळलं तर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थोडे थेंब घाला, आणि ९९ मिली लोखंडाच्या द्रावणात त्यातलं १ मिली टाका. पाणी डीआयोनाइज्डच हवं. इथलं जड पाणी वापरलं तर कॅल्शियम-सोडियमचं फुकटचं डोपिंग!

टिन वाढवत नेलं की करंट वाढतच जातो असं नाही. फेरिकच्या जागी बसलेलं टिन एक जादा इलेक्ट्रॉन देतं, वहन सुधारतं; पण प्रमाण फार झालं की डिप्लेशन थर, म्हणजे प्रकाशाने तयार झालेले भार जिथे वेगळे ओढले जातात तो पट्टा, अरुंद होतो. हेमॅटाइटमध्ये होल (धन भार) मुळातच काही नॅनोमीटरच्या पलीकडे पोचत नाहीत, त्यामुळे नुकसान ठरलेलं. टिन खरोखर किती बसलं हे ईडीएसवर (मूलद्रव्यांचं प्रमाण सांगणाऱ्या एक्स-रे तपासणीत) बघायचं असेल, तर त्याच खेपेला एक साधी काच प्लेटवर ठेवा. एफटीओ स्वतःच टिन ऑक्साइडचं असतं, त्यावर मोजलेलं टिन कुणाचं ते कळत नाही.

आता हूड. रंग दिलेला साधा पत्रा! क्लोराइडच्या फवाऱ्यातून आम्लाची वाफ निघते, पत्रा गंजतो आणि गंजाचे कण थेट फिल्मवर पडतात. बनवणाऱ्याला हे माहीत नसेल असं वाटत नाही. युनिट हूडशिवाय मागवा, किंमत कमी करून घ्या, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडून पॉलिप्रॉपिलीन शीटचा हूड करून प्लेटपासून पुरेसा उंच बसवा.