फॅक्ससाठी फाइलचे रूपांतर: घोस्टस्क्रिप्ट की इमेजमॅजिक?

फॅक्स यंत्राला पीडीएफ कळत नाही, वर्डची फाइल कळत नाही आणि करडा रंग तर मुळीच कळत नाही. त्याला हवी असते काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जाळी: ए-४ कागदासाठी आडव्या ओळीत १७२८ ठिपके, आणि उभ्या दिशेने इंचाला ९८ ओळी किंवा ‘फाइन’ प्रकारात १९६. १९८० साली ठरलेल्या ग्रुप ३ मानकातली ही मापे आजही चालू आहेत, आणि इंटरनेटवरून फॅक्स पाठवणाऱ्या सर्व्हरलाही शेवटी याच मापाची टिफ (ठिपक्यांचे चित्र साठवणारी) फाइल लागते. लिनक्स सर्व्हरवरून हे काम उभे करायचे झाले (अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिले पुण्या-मुंबईत बसून हाताळणाऱ्यांवर ही वेळ अजूनही येते) की कमांड लाइनवरचे दोन पर्याय समोर येतात: पीडीएफचे ठिपक्यांत रूपांतर करणारे घोस्टस्क्रिप्ट आणि चित्रांवर प्रक्रिया करणारे इमेजमॅजिक. दोन्ही मोफत मिळतात आणि दोन्हींतून टिफ निघते. तरीही त्या दोन टिफ फाइली सारख्या नसतात.

आधी मूळ पीडीएफचा विचार करू. घोस्टस्क्रिप्टमध्ये फॅक्ससाठी खास आउटपुट डिव्हाइस आहेत. टिफ-जी-३ किंवा टिफ-जी-४ (ठिपके आवळून लिहिण्याच्या दोन पद्धती) निवडले की रेझोल्यूशन न सांगताही इंचाला आडवे २०४ आणि उभे १९६ ठिपके धरले जातात, आणि पानाची रुंदी १७२८ च्या आसपास येत असेल तर ती स्वतःहून १७२८ वर आणली जाते. दिसायला ही सोय किरकोळ आहे, पण निर्णय बऱ्याच अंशी तिच्यावरच ठरतो. ए-४ कागदाची इंचांतली रुंदी २०४ ने गुणली तर उत्तर १६८६ येते, १७२८ नव्हे. इमेजमॅजिक तेवढीच रुंदी देते आणि उरलेले ४२ ठिपके आपल्याला एक्स्टेंट हा पर्याय वापरून भरावे लागतात. ते विसरले तर काही फॅक्स सॉफ्टवेअर फाइल निमूटपणे घेतात, काही नाकारतात. शिवाय इमेजमॅजिकमध्ये डेन्सिटीचा (इंचाला किती ठिपके, हे सांगणारा) पर्याय मूळ फाइलच्या नावाआधी लिहावा लागतो. तो नंतर लिहिला तर पीडीएफ ७२ च्या रेझोल्यूशनने उघडली जाते आणि अक्षरे फुटतात; कमांड मात्र कोणतीही तक्रार न करता पूर्ण होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पीडीएफ उघडण्यासाठी इमेजमॅजिक आतून घोस्टस्क्रिप्टलाच हाक मारते, त्यामुळे पीडीएफच्या बाबतीत ही तुलना खरे तर ‘घोस्टस्क्रिप्ट थेट’ आणि ‘घोस्टस्क्रिप्ट मध्यस्थामार्फत’ अशी आहे. २०१८ साली घोस्टस्क्रिप्टमध्ये सुरक्षेच्या गंभीर त्रुटी सापडल्यावर उबुंटूसारख्या वितरणांनी इमेजमॅजिकच्या पॉलिसी फाइलमध्ये (कोणत्या प्रकारच्या फाइली उघडायच्या हे ठरवणारी फाइल) पीडीएफला बंदी घातली, आणि कालपर्यंत चालणाऱ्या स्क्रिप्ट ‘परवानगी नाही’ असे सांगून थांबू लागल्या. ती ओळ काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. बाहेरून आलेल्या फाइली रूपांतरित होणार असतील, तर आपण काय उघडे करतो आहोत हे समजल्याशिवाय तो मानू नये. घोस्टस्क्रिप्टमध्ये २०१९ च्या ९.५० आवृत्तीपासून सुरक्षित प्रकार मुळातच चालू असतो, तेव्हा निदान त्याहून जुनी आवृत्ती सर्व्हरवर ठेवू नये.

आता वेळेचा हिशेब. फाइन प्रकारातले ए-४ पान ठिपके मुळीच न आवळता पाठवले तर सुमारे ४ लाख ९५ हजार बाइट होतात. नेहमीच्या १४,४०० बिट प्रतिसेकंद वेगाला, म्हणजे सेकंदाला १८०० बाइटला, ते जायला साडेचार मिनिटे लागतील. पान अर्ध्या मिनिटात जाते ते सलग पांढऱ्या आणि सलग काळ्या पट्ट्यांची लांबी मोजून ती सांकेतिक रूपात लिहिल्यामुळे. या पट्ट्या तुटल्या की बचत संपते. इमेजमॅजिकचा मोनोक्रोम पर्याय करड्या भागाचे विखुरलेले ठिपके करतो (यालाच डिदरिंग म्हणतात), आणि मग पट्ट्या मोजण्याची तीच पद्धत लांबच लांब फाइल जन्माला घालते. घोस्टस्क्रिप्टही करड्या रंगाचे ठिपकेच करते, हे मान्य केले पाहिजे. आमच्याकडच्या एका पत्रशीर्षावर फिकट करडी पट्टी होती; पडद्यावर ती जेमतेम दिसे, पण फॅक्सच्या लॉगमध्ये पहिल्या पानाचा वेळ बाकीच्या पानांच्या कितीतरी पट दिसू लागला तेव्हा कारण सापडले.

स्कॅन केलेल्या कागदांसाठी मी इमेजमॅजिकच निवडेन, ते याचमुळे. पिवळट पडलेला कागद, मागच्या बाजूची उमटलेली शाई, शिक्क्याची सावली या सगळ्याचे घोस्टस्क्रिप्ट ठिपके करून ठेवते. इमेजमॅजिकमध्ये थ्रेशोल्ड (काळे-पांढरे ठरवणारी उजळपणाची सीमा) सुमारे ६० टक्के दिला की त्याहून उजळ असलेले सारे स्वच्छ पांढरे होते. पान तिरके असेल तर डेस्क्यू पर्यायाने सरळही करता येते. मात्र पेन्सिलीतली सही याच पायरीत नाहीशी होऊ शकते, म्हणून टक्केवारी आपल्या कागदांवर करून पाहूनच ठरवावी. पाने शेकड्यांनी असतील तर इमेजमॅजिक ती सगळी एकदम मेमरीत घेते, घोस्टस्क्रिप्ट एकेक पान हातावेगळे करते.

मराठी मजकूर पाठवायचा असेल तर फाइन प्रकाराला पर्याय नाही. बारा पॉइंटच्या अक्षराला साध्या प्रकारात उभ्या दिशेने सोळाच ओळी मिळतात, आणि त्यात वर मात्रा-अनुस्वार, मध्ये शिरोरेखा व अक्षर, खाली उकार एवढे बसवायचे असते. ‘की’ आणि ‘कीं’ यांतला फरक तिथे चिरडतो. फाइनमध्ये बत्तीस ओळी मिळतात. मूळ हायलाफॅक्सची (लिनक्सवरचे फॅक्स सर्व्हर सॉफ्टवेअर) पाठवण्याची आज्ञा वेगळे न सांगितल्यास ९८ ओळींचाच प्रकार धरते, हे इथे नडते. साधी टेक्स्ट फाइल असेल तर ती आधी लिबरऑफिसकडून पीडीएफ करून घ्यावी. जुन्या टेक्स्ट रूपांतरकांना देवनागरी जुळत नाही.

हायलाफॅक्स वापरत असाल तर रूपांतराची वेगळी पायरी बहुधा लागतच नाही. तो पीडीएफ घेतो आणि आतून घोस्टस्क्रिप्टच चालवतो. ॲस्टरिस्क या टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरला मात्र तयार टिफ द्यावी लागते. तिथे जी-३ की जी-४ हा प्रश्न फारसा ताणू नये: जी-४ ची फाइल लहान होते, आणि तारेवर कोणती पद्धत वापरायची हे दोन्ही टोके संभाषणाच्या सुरुवातीला आपसांत ठरवतात.

थोडक्यात सांगायचे तर संगणकावर तयार झालेल्या कागदपत्रांसाठी घोस्टस्क्रिप्ट थेट वापरावे, आणि स्कॅनसाठी इमेजमॅजिकने सफाई करून मगच टिफ करावी. कोणताही मार्ग घेतला तरी पहिली फाइल पाठवण्याआधी टिफइन्फो (टिफ फाइलची मापे दाखवणारी कमांड) चालवून रुंदी १७२८ आहे ना, हे पाहावे. साध्या प्रकारातली फाइल काही चित्रदर्शकांत निम्म्या उंचीची, चेपलेली दिसते. तिचे ठिपके चौरस नसल्यामुळे तसे होते, म्हणून ती पुन्हा ताणू नये.