‘पूर्ण रिफंड’ आणि आमची न झालेली थायलंडची सहल

एक निळं प्लास्टिकचं फोल्डर आमच्या कपाटात अजून आहे. आत विमानाचं तिकीट, हॉटेलचं व्हाउचर, विम्याची पॉलिसी आणि ‘कोविड प्रोटेक्शन प्लॅन’ नावाचा एक कागद. चारही रंगीत छापलेले, चारही खोटे. नाही, चुकले. हॉटेलचं व्हाउचर आमच्या हातात आलं त्या दिवशी खरं होतं. ते खोटं कधी झालं ते पुढे सांगते.

२०२१ चा ऑक्टोबर. दीड वर्ष घरात कोंडून काढलेलं, आम्हा दोघांचे दोन्ही डोस झालेले, आणि बातमी आली की १ नोव्हेंबरपासून थायलंड ‘टेस्ट अँड गो’ नावाची सोय सुरू करतंय. ठरावीक देशांतून येणाऱ्या, दोन्ही डोस घेतलेल्या प्रवाशांनी निघण्याआधी ७२ तासांतला आरटी-पीसीआर रिपोर्ट आणायचा, पोहोचल्यावर एक चाचणी द्यायची, निकाल येईपर्यंत एक रात्र हॉटेलात थांबायचं. निगेटिव्ह आला की मोकळे. आई-वडिलांबरोबर असलेल्या बारा वर्षांखालच्या मुलांना लसीची अट नव्हती, म्हणजे आमच्या लेकीचाही प्रश्न सुटत होता.

मला जायचं होतं. नवऱ्याला नव्हतं. “आत्ताच कशाला? देश कुठे पळून चाललाय का?” हे त्याचं. शिवाय माझी आई आमच्याकडे राहते, वय चौऱ्याहत्तर. तिकडून काही घेऊन आलो तर? आणि तिकडेच पॉझिटिव्ह निघालो तर? लक्षणं असोत-नसोत, परक्या देशात एका खोलीत दिवस मोजत बसायचं, आणि तो खर्च कुणी करायचा? तीन आठवडे आमच्याकडे रोज रात्री हाच विषय. हे सगळं लिहितेय, कारण पुढे जो माणूस भेटला त्याने आम्हाला सहल विकलीच नाही. त्याने विकलं ते या भांडणाचं उत्तर.

ओळखीतल्या ओळखीतून नंबर मिळाला. छोटी ट्रॅव्हल एजन्सी, बोलायला अगदी मवाळ. मी सगळ्या शंका घडाघडा सांगितल्या. आज वाटतं, आपणच आपल्या भीतीची यादी त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, “मॅडम, जायचं की नाही हे तुम्ही आत्ता ठरवूच नका. बुकिंग करून ठेवा, आदल्या दिवशी ठरवा. कोणत्याही कारणाने रद्द केलंत तरी पूर्ण रिफंड.” त्यासाठी पॅकेजच्या ४ टक्के जास्त भरून ‘कोविड प्रोटेक्शन प्लॅन’ घ्यायचा.

त्या रात्री आमच्याकडे भांडण झालं नाही. नवराही म्हणाला, “मग काय हरकत आहे!”

आता कळतंय की हरकत तिथेच होती. कोणत्याही कारणाने प्रवास रद्द करता येईल असा विमा काही देशांत मिळतो, पण तोसुद्धा साधारण ५० ते ७५ टक्केच परत देतो, आणि पहिला हप्ता भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आतच घ्यावा लागतो. बाकी बहुतेक प्रवास विम्यांत ‘भीती वाटली म्हणून गेलो नाही’ हे कारण चालतच नाही. २०२० च्या मार्चनंतर तर कित्येक कंपन्यांनी कोविडला ‘आधीच माहीत असलेली घटना’ ठरवून रद्द होण्याच्या भरपाईतून बाहेर काढलं होतं. मोठमोठ्या विमा कंपन्यांना जे परवडत नव्हतं ते एका खोलीची एजन्सी ४ टक्क्यांत कशी देणार होती? हा हिशोब तेव्हा डोक्यात आला नाही. आला असता तरी मी त्याला गप्प बसवलं असतं, कारण मला जायचं होतं.

आगाऊ रक्कम म्हणून २० टक्के मी कार्डाने भरले. उरलेल्या पैशांच्या वेळी त्याचा फोन: “ताई, कार्डावर उगाच जास्तीचे अडीच टक्के लागतात. तुमचे पैसे कशाला घालवायचे? सरळ खात्यावर टाका.” मॅडमची ताई कधी झाले ते मला कळलंच नाही. खातं एजन्सीच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या नावावर होतं. विचारलं तर म्हणाला, “चालू खात्याचं केवायसी अडकलंय.” टाकले. सगळे टाकले.

दोन दिवसांत फोल्डर घरपोच आलं. मी अगदीच भाबडी नाही. विमान कंपनीच्या साइटवर जाऊन सहा अक्षरी पीएनआर आणि आडनाव घालून पाहिलं. तिघांची नावं, वेळा, सगळं बरोबर. जीव भांड्यात पडला. मला ठाऊक नव्हतं ते हे की पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. एजंटला पैसे न भरता काही काळापुरती जागा धरून ठेवता येते आणि तेवढ्यानेही पीएनआर तयार होतो. मुदतीत तिकीट काढलं नाही की बुकिंग आपोआप गळून पडतं. खऱ्या ई-तिकिटावर तेरा आकडी तिकीट क्रमांक असतो, त्याचे पहिले तीन आकडे त्या विमान कंपनीचे. आमच्या कागदावर ‘तिकीट क्रमांक’ या रकान्यात तोच सहा अक्षरी पीएनआर पुन्हा छापला होता. महिनाभर तो कागद घरात होता. एकदाही खटकलं नाही.

हॉटेलला मात्र मी तेव्हाच मेल टाकला होता. बुकिंग आहे, स्वागत आहे, असं उत्तर आलं. त्यामुळे संशयाला जागाच उरली नाही.

एक गोष्ट मात्र खटकायलाच हवी होती. मी रिपोर्टबद्दल विचारलं, की ७२ तासांत निकाल वेळेवर येईल ना? तो हसून म्हणाला, “त्याचं टेन्शन घेऊ नका ताई. रिपोर्ट मी करून देतो. नमुना द्यायलाही जायला नको.” आम्ही दोघं हसलो. काय चालू माणूस आहे, असं कौतुकानेच बोललो. नको म्हटलं, खरी चाचणी करू म्हटलं, आणि स्वतःच्या प्रामाणिकपणावर खूश होऊन विषय सोडून दिला. जो माणूस गिऱ्हाईकासाठी बसल्या जागी खोटा कागद बनवायला तयार आहे, त्याने गिऱ्हाईकाला दिलेले कागद कसे असतील, हा पुढचा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही.

२४ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने नवा विषाणू-प्रकार कळवला आणि २६ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने त्याचं ओमिक्रॉन असं नाव ठेवून तो चिंताजनक ठरवला. चार दिवसांत कुठे विमानं बंद, कुठे सीमा बंद. जपानने ३० नोव्हेंबरपासून नव्याने येणाऱ्या परदेशी लोकांना दार लावलं. नवऱ्याने पेपर माझ्यासमोर ठेवला, बोलला काही नाही. मी एजंटला फोन केला, की रद्द करावं म्हणतोय. त्यावर त्याने मला एक बातमी पाठवली: सरसकट प्रवासबंदीने विषाणूचा प्रसार थांबणार नाही, असं खुद्द जागतिक आरोग्य संघटनाच म्हणतेय. बातमी खरी होती. फक्त ती देशांच्या सरकारांना उद्देशून होती, आईच्या वयाची काळजी करणाऱ्या घराला नव्हे. “थोडं थांबा ताई, आत्ता रद्द केलंत तर उगाच नुकसान. रिफंड तर आहेच!” या वाक्याचे दोन तुकडे एकमेकांना छेद देतात हेही तेव्हा कळलं नाही.

थांबलो. आता माहीत आहे, की ३ डिसेंबरला त्याने आमचं हॉटेल रद्द केलं होतं.

आम्ही २८ डिसेंबरला निघणार होतो. २१ डिसेंबरला थायलंडने ‘टेस्ट अँड गो’चे नवे अर्ज घेणं थांबवलं. संध्याकाळीच त्याचा मेसेज: “थायलंड बंद झालं. सरकारी निर्णय आहे, कुणाच्याच हातात नाही. एअरलाइन फक्त व्हाउचर देणार, वर्षभरात कधीही वापरा.” आणि पूर्ण रिफंड? “ताई, तो तुम्ही रद्द केलं तर. इथे तर देशानेच रद्द केलं ना!”

मला खरं तर हायसं वाटलं होतं. जायचं की नाही हे कुणीतरी ठरवून टाकलं होतं. वर्षभराने जाऊ, व्हाउचर तर आहे. इथेच विषय संपला असता आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. पण नवऱ्याने बातमी शेवटपर्यंत वाचली. तिथे लिहिलं होतं की ज्यांना थायलंड पासचा, म्हणजे तिथे जाण्यासाठी आधी ऑनलाइन घ्यायच्या परवानगीचा, क्यूआर कोड आधीच मिळालाय त्यांना येता येईल. शिवाय फुकेत सँडबॉक्सचा, म्हणजे आधी काही दिवस फुकेत बेटावरच राहायच्या अटीवर येण्याचा, मार्ग उघडाच होता. म्हणजे थायलंड बंद झालंच नव्हतं. आणि आमचा पास? तो तर ‘महिन्यापूर्वीच अप्लाय केलाय’ असं त्याने सांगितलं होतं.

मी लिहिलं, “आमचे क्यूआर कोड पाठवा.” दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. रात्री: “प्रोसेसमध्ये होतं.” सकाळी: “रिजेक्ट झालं.” दुपारी: “सर्व्हर डाऊन आहे, बघून सांगतो.” पास मिळायला पासपोर्ट, लसीचं प्रमाणपत्र, किमान ५० हजार अमेरिकी डॉलरचं विमा संरक्षण आणि पहिल्या रात्रीच्या मान्यताप्राप्त हॉटेलचे चाचणीसकट पैसे भरल्याची पावती लागायची. अर्ज केला असता तर यातलं सगळं खरं असावं लागलं असतं. त्याने तो केलाच नव्हता.

मग एकेक कागद उलगडत गेला. हॉटेलला पुन्हा मेल केला. उत्तर आलं: बुकिंग ३ डिसेंबरला रद्द झालंय, मोफत रद्द करण्याच्या मुदतीत, पैसे येथे आल्यावर द्यायचे होते, त्यामुळे आमच्याकडे काहीच जमा नाही, पुन्हा बुक करायला आवडेल का? विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकला तर ‘अशी नोंद सापडत नाही’. पॉलिसीचा कागद मी खिडकीशी नेऊन उजेडात धरला. आमची नावं बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड टाइपात होती आणि ओळीच्या एक केस वर बसली होती. कोपऱ्यातला क्यूआर स्कॅन केला तर विमा कंपनीचं नुसतं मुखपृष्ठ उघडायचं, पॉलिसी नव्हे. कंपनीत फोन केला. तो क्रमांक दुसऱ्याच कुणाच्या तरी पॉलिसीचा होता.

आणि तो चौथा कागद, ‘कोविड प्रोटेक्शन प्लॅन’? त्याच्यावर कुठल्याही विमा कंपनीचं नावच नव्हतं. त्याच्याच एजन्सीचा शिक्का आणि खाली बारीक अक्षरात ‘अटी लागू’. अटी कुठेच नव्हत्या.

तो इतके दिवस निवांत का होता, हेही मग लक्षात आलं. साथीच्या काळात बंदी कधी ना कधी येणार हे त्याला माहीत होतं. ती आली की सगळं खापर तिच्यावर. २०२० मध्ये अनेक विमान कंपन्यांनी खरोखरच रिफंडऐवजी व्हाउचर गळ्यात मारली होती, त्यामुळे व्हाउचरची गोष्ट ऐकणाऱ्याला पटायचीच. फरक एवढाच, की विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर युरोपात सात दिवसांत पैसे परत द्यायचा नियम आहे, अमेरिकेच्या परिवहन खात्यानेही ३ एप्रिल २०२० ला कंपन्यांना रिफंड देण्याबद्दल बजावलं होतं. आमचं विमान तर त्या दिवशी वेळेवर उडालं. लेकीने ट्रॅकरवर पाहिलं, आणि मला दाखवलं.

कार्डाने भरलेले २० टक्के परत मिळाले. बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याचा, अर्ज केला, हॉटेलचा मेल जोडला, दीड महिना लागला. अडीच टक्के वाचवायला म्हणून खात्यावर टाकलेले ८० टक्के गेले. पोलिसांकडे तक्रार आहे. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “साथ चालू असताना फिरायला कशाला निघाला होतात?” नवरा तेव्हा शेजारच्या खुर्चीत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. आमच्यासारखी आणखी काही कुटुंबं निघाली. एक जण तर त्याचं ‘व्हाउचर’ घेऊन विमान कंपनीच्या कार्यालयात गेले होते.

आईला आम्ही बरेच दिवस खरं सांगितलं नाही. ओमिक्रॉनमुळे रद्द झालं, एवढंच. ती म्हणाली, “बरं झालं.”

१ जुलै २०२२ ला थायलंडने पास पूर्ण बंद केला. त्याच आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. समुद्रकिनाऱ्याचा फोटो, खाली लिहिलेलं: ‘थायलंड पासची कटकट संपली! आता बिनधास्त बुक करा. १०० टक्के रिफंड.’ त्याच्या यादीत माझा नंबर तसाच राहिला होता. स्क्रीनशॉट काढून मी तो तपास अधिकाऱ्यांना पाठवला, आणि मग त्या नंबरला उत्तर दिलं: “तिकीट क्रमांक तेरा आकडी असतो ना हो दादा?”

दोन निळ्या खुणा आल्या. मग प्रोफाइलवरचा फोटो गेला.