३.७३ वर २६ इंची टायर की ४.१० वर २८ इंची? फॉक्स मस्टँग ड्रॅगला नेणाऱ्यांसाठी

मागच्या आठवड्यात एका मित्राचा फोन आला, त्याने ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, १९९१ ची फॉक्स बॉडी (फोर्ड मस्टँगची जुनी पिढी) मस्टँग जीटी घेतलीय, पाच लिटर, पाच गिअरची मॅन्युअल, आणि त्याचा एकच प्रश्न, मागच्या अॅक्सलमध्ये ३.७३ चा गिअर रेशो टाकू की ४.१० चा? मी विचारलं टायर कुठला लावणार, तर म्हणे टायरचं नंतर बघू. मला वाटतं बहुतेकांचं इथेच चुकतं. गिअर आणि टायर या दोन खरेद्या नाहीतच, एकच आहे, आणि त्यातही आधी टायर ठरतो.

ज्यांनी बाईकचं मागचं स्प्रॉकेट बदललंय त्यांना हे लगेच कळेल. मागे दोन दाते वाढवले की पिकअप वाढतो, टॉप जातो. गाडीत तेच काम मागचं क्राउन-पिनियन करतं, म्हणजे मागच्या अॅक्सलमधली मोठ्या आणि छोट्या गिअरची जोडी. ३.७३ म्हणजे क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला ११, ४.१० म्हणजे ४१ आणि १०, ४.५६ म्हणजे ४१ आणि ९. आकडा वाढतो तसं पिनियन बारीक होत जातं, म्हणजे ताकदीलाही थोडं कमीच, हे लक्षात असू द्या. आणि टायर मोठा लावला की बरोबर उलटं होतं, गिअर आपोआप लांब होतो.

हिशोब सोपा आहे. ताशी मैल गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचांत, की चौथ्या गिअरमधला आरपीएम मिळतो कारण या गाडीचा चौथा बरोबर १.०० आहे. नेम असा धरायचा की क्वार्टर माइलच्या (ड्रॅग शर्यतीचं पाव मैल अंतर) शेवटच्या रेषेवर इंजिन आपल्या पूर्ण ताकदीच्या आरपीएमच्या दोन-चारशे पुढे असावं, फार पुढेही नको आणि मागे तर नकोच.

आता कंपनीतून ही गाडी मॅन्युअलमध्ये २.७३ घेऊन यायची, ऑप्शनमध्ये ३.०८. साध्या गाडीने रेषेवर ताशी ९७ मैल काढले तर २५.७ इंची टायरवर चौथ्यात जेमतेम ३,४६० आरपीएम, म्हणजे चौथा टाकायची वेळच येत नाही, तिसऱ्यातच शर्यत संपते. म्हणून या गाडीला गिअर बदलल्यावर एवढा फरक जाणवतो.

मित्राची गाडी साधी नाहीये, हेड आणि इनटेक बदललेत, अशा गाडीला मी ताशी १०५ मैल आणि पूर्ण ताकद ४,९०० आरपीएमच्या आसपास धरतो. आता दोन टायर बघा, दोन्ही १५ इंची रिमवर, दोन्ही २७५ मिलिमीटर रुंद. २७५/५० ची उंची २५.८ इंच आणि २७५/६० ची २८. छोट्या टायरवर ३.७३ ने रेषेवर ५,१०० आरपीएम येतात, ४.१० ने ५,६००, ४.५६ ने ६,२३५. मोठ्या टायरवर ३.७३ ने ४,७००, ४.१० ने ५,१६५, ४.३० ने ५,४२०. नीट बघितलं तर २५.८ वर ३.७३ आणि २८ वर ४.१० जवळजवळ एकच गोष्ट आहे, ६५ चा फरक. पहिल्या गिअरचंही तसंच, ६,००० ला एकाचा वेग ताशी ३७ मैल, दुसऱ्याचा ३६. म्हणजे मित्र ज्या दोन गिअरमध्ये अडकला होता ते योग्य टायर लावले तर एकच उत्तर होतं.

मग फरक कशात? लाँचमध्ये, म्हणजे गाडी जागेवरून सुटताना. २८ इंची टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांब असतो, पकड जास्त, पण चाक जड, मागून गाडी इंचभर उचलली जाते आणि फॉक्सच्या फेंडरची आतली कड बहुतेक वेळा वाकवावी लागते. ३०० हॉर्सपॉवरच्या आसपासच्या गाडीला एवढी पकड लागतच नाही असं माझं मत. ते जादा वजन तुम्ही प्रत्येक रनला फुकट फिरवता. पुढे नायट्रस किंवा टर्बो ठरलेलंच असेल तर २८ आत्ताच घ्या, दोनदा खर्च नको.

रस्त्यावरही चालवणार असाल तर हायवेचा विचार करा. पाचव्या गिअरमध्ये (०.६८) ताशी ७० मैलांना छोट्या टायरवर ३.७३ ने २,३०० आरपीएम, ४.१० ने २,५४०. ४.१० लावून ट्रॅकवर २८ आणि रस्त्यावर जुने २५.७ वाले असं करणारे खूप जण आहेत, त्यांना रोज हे २,५४० सोसावे लागतात. चालतं, पण लांबच्या प्रवासात कान किटतात.

४.५६ बद्दल स्वतःचा अनुभव सांगतो कारण मी तो केलाय. एका हिवाळ्यात सगळे म्हणतात जितका मोठा आकडा तितकी गाडी पळते म्हणून २५.८ वर ४.५६ टाकले. पहिल्या साठ फुटांत मस्त उचलली, पण पहिला गिअर ताशी ३० मैलांतच संपायचा, सारखं शिफ्टिंग, आणि रेषेच्या आधी इंजिन ६,००० च्या वर ओरडत राहायचं, तिथे त्याच्यात ताकदच उरलेली नव्हती. उन्हाळ्यात काढले आणि ३.७३ लावले, तेव्हा वेळ सुधारली.

याच्यातूनच एक गोष्ट जी लोक उलटी समजतात. गाडी जशी वेगवान होत जाते तसा तोच गिअर अपुरा पडत जातो, रेषेवर आरपीएम फार चढतात. तीच गाडी ११५ मैलांवर गेली की २५.८ वर ४.१० ने ६,१४० होतात, ३.७३ ने ५,५९०. इंजिन वरच्या आरपीएमला ताकद देणारं नसेल तर जास्त हॉर्सपॉवरसाठी आकडा कमी करावा लागतो, वाढवायचा नाही.

तुमच्या जवळचा ट्रॅक एट्थ माइलचा, म्हणजे ६६० फुटांचा असेल तर गणित थोडं बदलतं. क्वार्टरला १०५ काढणारी गाडी तिथे ८४ च्या आसपास असते. छोट्या टायरवर ३.७३ ने तिसऱ्यातच ५,४३० ला रेष येते, ४.१० ने ५,९६५, म्हणजे काठावर पण एक शिफ्ट वाचतो. ४.३० लावले की शेवटच्या काही फुटांसाठी चौथा टाकावा लागतो आणि सगळा फायदा त्या एका शिफ्टमध्ये जातो.

टायर रेडियल की स्लिक (नक्षी नसलेला शर्यतीचा टायर)? मॅन्युअल गाडीत क्लच झटक्यात सोडता तो धक्का बायस प्लाय (तिरक्या धाग्यांच्या थरांचा) स्लिकची मऊ भिंत सुरकुत्या पडून पिते, रेडियल तेवढं पीत नाही, एकदा जागच्या जागी फिरायला लागला की सावरत नाही. पण स्लिक वेगात फुगतो, उंची वाढते, मग वरचं गणित हलतं. म्हणून टायरवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका, खडूची खूण करा, ड्रायव्हर आत बसवून गाडी एक पूर्ण फेरा ढकला, अंतर मोजा, ३.१४ ने भागा. ऑटोमॅटिक असेल तर कन्व्हर्टरच्या (क्लचच्या जागी असतो तो) घसरण्याचे चार-पाच टक्के आरपीएम वर धरा.

ताकद वाढवणार असाल तर अॅक्सलचं आधी बघा. कंपनीचे २८ स्प्लाइनचे (टोकावरच्या खाचांचे) असतात, आणि एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संस्था) नियमाप्रमाणे १०.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ काढणाऱ्या गाडीला आफ्टरमार्केट अॅक्सल आणि ते निसटू न देणारी सोय सक्तीची आहे. हाउसिंग उघडलंच आहे तर तेव्हाच करून घ्या, क्राउन-पिनियनचा प्ले बसवायची मजुरी दोनदा का द्यायची.

मित्राला मी शेवटी सांगितलं की आत्ता गिअर घेऊच नको. चार नटांच्या १५ च्या रिम आणि २७५/५० रेडियल घे, आहे त्या २.७३ वर दोन-तीन रन मार, ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर रेषेचा वेग किती येतो बघ. १०५ च्या आसपास आला तर ३.७३, आणि ट्रान्समिशनमधला स्पीडोमीटरचा प्लास्टिक गिअर त्याच ऑर्डरमध्ये मागव. पुढच्या शनिवारी जातोय तो.