जर्मन नोटगेल्डचा लॉट: चित्रं झकास, लेबल फसवं

‘1923 च्या महागाईतल्या जर्मन नोटा, 30 नग’ म्हणून एका जर्मन विक्रेत्याकडून ऑनलाइन लॉट मागवला. नोटगेल्ड म्हणजे अडचणीच्या काळात शहरं, कारखाने वगैरेंनी स्वतःच काढलेल्या नोटा. तारखा वाचत गेले तर 1923 च्या नोटा निघाल्या अवघ्या चार. बाकीच्या 1920-21 च्या, 25 आणि 50 फेनिगच्या. शंभर फेनिगांचा एक मार्क. नोव्हेंबर 1923 मध्ये डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. तेव्हा 50 फेनिगची नोट कोण छापणार?

आता या नोटा वाईट आहेत का? मुळीच नाही. नाउमबुर्गच्या नोटांवर तिथल्या चेरी-उत्सवातली मुलं काळ्या छायाकृतींत आहेत. हामेलनच्या नोटेवर अर्थातच बासरीवाला आणि उंदीर. 1914 ला युद्ध लागल्यावर लोकांनी नाणी दडवली, मग धातू युद्धाला गेला, म्हणून सुट्ट्या पैशांसाठी गावोगावच्या नगरपालिकांनी नोटा काढल्या. पुढे त्यांच्या लक्षात आलं की संग्राहक नोटा विकत घेतात आणि वटवायला परत येतच नाहीत. निव्वळ फायदा! 1921 पर्यंत खास संग्राहकांसाठीच रंगीत मालिका निघू लागल्या. त्यामुळे माझ्या लॉटमधल्या या सगळ्या अगदी कोऱ्या, दिवाळीच्या भेटकार्डांसारख्या. बँकेच्या कॅश काउंटरवर सगळी नोकरी काढली मी. न चाललेली नोट बोटांना लगेच कळते.

खरा माल त्या चार नोटांत. कोलोन शहराची ऑगस्ट 1923 ची नोट मधोमध दोनदा घडी पडलेली, कडा मळून तपकिरी झालेल्या, एका कोपऱ्याला टाचणीची दोन भोकं. कुणीतरी गड्डी टाचून ठेवली असणार. दुसरी एकाच बाजूला छापलेली, मागून कोरी. सजावट करायला सवड कुणाला होती? त्या जानेवारीत फ्रेंच-बेल्जियन फौजा रूर या जर्मन औद्योगिक पट्ट्यात घुसल्या, तिथले कामगार काम बंद करून बसले, आणि सरकारने त्यांचे पगार नोटा छापून चालू ठेवले. राइशबँकेचे, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे, छापखाने पुरे पडेनात, तेव्हा शहरं, कारखाने, अगदी रेल्वेसुद्धा आपापल्या नोटा काढू लागली. नोव्हेंबरच्या मध्यात रेंटनमार्क हे नवं चलन आलं. एका रेंटनमार्कला एक लाख कोटी जुने मार्क! कॅशियर म्हणून त्या हिशेबाच्या नुसत्या कल्पनेनेच घाम फुटतो.

पॅकिंगबद्दल: नोटा मऊ, वास मारणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांत होत्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात असलं प्लास्टिक चिकट होऊन नोटेवर डाग पाडतं. आल्या आल्या मायलरच्या (पॉलिस्टरच्या) पाकिटांत हलवा.

बीलेफेल्डच्या बचत बँकेच्या रेशमी नोटा किंवा हर्बर्ट बायर या डिझायनरने बाउहाउस या कलाशाळेत शिकत असताना थुरिंगिया राज्यासाठी केलेल्या दहा लाख मार्क आणि त्यावरच्या नोटा असल्या लॉटमध्ये मिळतील ही आशा सोडा. त्या सुट्ट्याच घ्याव्या लागतात, आणि चांगल्याच महाग पडतात.

विक्रेत्याला तारखांचं विचारलं तर उत्तर आलं, ‘नोटगेल्ड ते नोटगेल्ड.’ चित्रांसाठी घेणार असाल तर पैसे वसूल. महागाईचा काळ हातात धरायचा असेल तर आधी प्रत्येक नोटेचा फोटो मागवा, आणि आकड्यापुढे ‘फेनिग’ दिसलं की पुढे चला. पाचपैकी तीन तारे.