पिकअपची मागची सरकती काच: दुरुस्तीनंतरच्या आठ महिन्यांचा अनुभव

दुरुस्ती फेब्रुवारीच्या अखेरीस केली आणि आज नोव्हेंबरचा पहिला आठवडा आहे. मधल्या काळात मे महिन्याचे ऊन, संपूर्ण पावसाळा आणि गणपती-नवरात्रातल्या ऑर्डरींची धावपळ या काचेने सोसली आहे, त्यामुळे तिच्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल. खडखड जवळजवळ थांबली आहे आणि पाणी आत येणे पूर्ण बंद झाले आहे. मात्र काच बंद ठेवणाऱ्या खटक्याने मला एकदा तोंडघशी पाडले, आणि तो दोष माझ्याच घाईचा होता.

आमचा केटरिंगचा छोटा व्यवसाय भांडुपला आहे. पिकअप जुनी, दुसऱ्या हाताची, केबिनला एसी नाही. मागच्या खिडकीत डावी अर्धी काच पक्की आहे आणि चालकाच्या पाठीमागची उजवी अर्धी सरकते. उन्हाळ्यात ती चार बोटे उघडली की केबिनमधून वारा खेळतो आणि मागे टोप-पातेली सरकली तर आवाजही लगेच कानावर येतो. पहाटे वाशीच्या घाऊक बाजारात जाताना आम्ही ऐरोलीचा पूल ओलांडतो. त्या पुलाच्या प्रत्येक सांध्यावर ही काच इतकी वाजत असे की भाचा म्हणाला, “मामा, ही काच नाही, ताशा आहे.” आवाजाची सवय एक वेळ होते. खरी अडचण अशी की चालत्या गाडीच्या केबिनमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथे घुटमळतो, त्यामुळे काच नीट बसत नसेल तर तो धूर आत ओढला जातो. शिवाय खटका ढिला असेल आणि काच ज्या खाचेत सरकते ते चॅनल झिजलेले असेल, तर बाहेरून काच वर उचलून काढायला कोणाही भुरट्याला फार वेळ लागत नाही.

पहिली दुरुस्ती मी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका दुकानात करून घेतली होती. तिथल्या कारागिराने काच जागेवरच ठेवून खालच्या चॅनलमध्ये आणि कडेने सढळ हाताने सिलिकॉन मारले. दोन दिवस केबिनमध्ये व्हिनेगरसारखा आंबूस वास येत राहिला. तीन आठवडे खडखड बंद होती आणि मी खूश होतो. पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री चालकाच्या सीटची पाठ ओली झाली, आणि ऑगस्टपर्यंत काच सरकायची तर बंदच झाली होती, वर पुन्हा वाजूही लागली होती. आंबूस वासाचे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि उघड्या धातूला ते मानवत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्या दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, कारण त्याने मी मागितले तेच दिले. मी आवाज बंद करायला सांगितला होता, आवाज का येतो हे विचारलेच नव्हते.

या वर्षी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीच्या काचांचे काम करणाऱ्या एका वयस्कर चाचांना गाडी दाखवली. त्यांनी काचेला हातही न लावता खालच्या चॅनलच्या बाहेरच्या कडेवरून नख फिरवले आणि विचारले, “शेठ, सिलिकॉन कोणी मारलं? भोकं बुजवून टाकली की.” खालच्या चॅनलला पाणी निघून जाण्यासाठी तीन बारीक भोके असतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते. सरकत्या काचेच्या चॅनलमध्ये थोडे पाणी येणारच, ते बाहेर काढून देणे हे त्या भोकांचे काम असते. धुळीने ती आधीच अर्धी बुजली होती, उरलेली सिलिकॉनने बुजली. त्यामुळे चॅनलची पन्हळ झाली, पाणी साचून फेल्ट, म्हणजे चॅनलमध्ये काचेला धरून ठेवणारे लव असलेले रबर, कुजले, कुजलेल्या फेल्टने काचेवरची पकड सोडली आणि काच वाजू लागली. म्हणजे पाणी आणि खडखड या माझ्या दोन वेगवेगळ्या तक्रारी नव्हत्याच.

त्यांनी एक सोपी पारखही शिकवली. काच बंद करून तिच्या आणि फेल्टच्या मध्ये जाड कागदाची पट्टी घालायची आणि ओढून पाहायची. पट्टी किंचित अडखळत निघाली तर फेल्ट ठीक आहे. माझ्या गाडीत ती खाली आणि उजव्या उभ्या बाजूला नुसती गळून पडली.

काम मी भाच्याच्या मदतीने घरीच केले, आणि त्यातला सगळ्यात नाजूक भाग खिडकी काढणे-बसवणे हा होता. नव्या गाड्यांच्या काचा बहुधा पॉलियुरेथेनने पत्र्याला चिकटवलेल्या असतात. त्या घरी काढण्याच्या फंदात पडू नये. माझी खिडकी जुन्या पद्धतीने जाड रबर बीडिंगमध्ये बसवलेली आहे, म्हणून ती आतून रबराची कड सोडवत दोघांनी मिळून बाहेर ढकलता आली. काच कडक केलेली, म्हणजे टफन्ड असते. तिला छिद्र पाडता येत नाही आणि कडेला नेमका टोला बसला तर ती क्षणात चुरा होते, म्हणून तिला जुन्या गोधडीवर आडवे ठेवले. बीडिंगखालच्या पत्र्याला दोन कोपऱ्यांत रुपयाएवढा गंज निघाला. तो घासून रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात दिले, वर रंग लावला आणि दोन दिवस गाडी बंद ठेवली. सिलिकॉन काढायला मात्र अख्खी दुपार गेली. प्लास्टिकच्या पातीने खरवडून वर थिनरचे फडके फिरवावे लागते, कारण त्याचा तवंग राहिला तर त्यावर सिलिकॉनखेरीज दुसरे काहीच धड चिकटत नाही.

नवे फेल्ट चॅनल मीटरवर मिळते. दुकानात जुना तुकडा घेऊन जाणे उत्तम, कारण काचेची जाडी आणि खाचेची रुंदी या दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. माझी काच चार मिलिमीटरची आहे. खालच्या फेल्टला भोकांच्या जागी कात्रीने खाचा पाडल्या, नाहीतर भोके पुन्हा झाकली गेली असती. खिडकी परत बसवताना बीडिंगच्या खाचेत नायलॉनची दोरी सगळीकडून घातली, तिची दोन्ही टोके खाली मधोमध आत सोडली आणि रबराला साबणाचे पाणी लावले. बाहेरून भाचा तळव्याने दाबत होता आणि मी आतून दोरी हळूहळू ओढत होतो. दोरी जसजशी निघते तसतशी रबराची कड पत्र्यावर पलटी होऊन बसत जाते. हे होताना पाहण्यात मोठे समाधान आहे. मागच्या सगळ्या कष्टांचे त्या दोन मिनिटांत पैसे वसूल झाले.

आता उणिवा. पहिला महिनाभर काच इतकी घट्ट सरकत होती की एका हाताने उघडणे अशक्य होते. फेल्टवर सिलिकॉन स्प्रेचा हलका हात दिल्यावर ती सैल झाली. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता, पण त्याने रबर फुगते आणि धूळ चिकटून त्याचा लगदा होतो. दुसरी उणीव जूनमध्ये लक्षात आली. उजव्या वरच्या कोपऱ्यात फेल्टच्या दोन तुकड्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट पडली होती. बसवताना मी ते ताणून बसवले होते आणि ताणलेले रबर कालांतराने आपल्या मूळ लांबीवर येते. ते उलट थोडे लांब कापून दाबत बसवायला हवे होते. सध्या तिथे छोटा तुकडा भरला आहे.

खटक्याची गोष्ट वेगळी. तो काचेला छिद्र न पाडता नुसता चिकटवलेला असतो. मी पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी वापरले आणि मे महिन्यात, मुलुंडला उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, खटका सीटवर पडलेला सापडला. झटपट इपॉक्सी तापलेल्या केबिनमध्ये मऊ पडते. दुसऱ्या वेळी काचेवर आधीच्या मालकाने लावलेल्या काळ्या फिल्मचा उरलासुरला पापुद्राही काढला. नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश आरपार जायलाच हवा, त्यामुळे ती फिल्म तशीही काढायचीच होती. मग काच आणि खटका दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, फक्त धातूची बाजू पॉलिश पेपरने खरखरीत केली आणि काच-धातूसाठीचा, अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा चिकटद्रव वापरला. फिल्म राहिली असती तर तो प्रकाश पोहोचलाच नसता. तेव्हापासून खटका हललेला नाही.

पावसाळ्यात एकही थेंब आत आला नाही. जुलैतल्या एका रात्री पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीपाशी आम्ही तासभर धो-धो पावसात अडकलो होतो. तेव्हा मी मागे वळून चॅनलकडेच पाहत बसलो होतो. भोकांमधून पाणी बाहेर ठिबकताना दिसले. महिन्यातून एकदा मी खराट्याचा हीर घालून ती भोके मोकळी करतो, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. फेल्ट ओले झाले की दोन दिवस केबिनला कुबट वास येतो. त्याला इलाज सापडलेला नाही.

ऐरोलीच्या पुलावर अजूनही एक बारीक टक्‌ ऐकू येत असे. तो आवाज काचेचा नव्हता. खटका जिथे अडकतो त्या पट्टीवर धातू धातूला लागत होता. तिथे सायकलच्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा चिकटवल्यावर तोही गेला. मात्र जिथे हात लावून आम्ही काच ढकलतो, त्या जागी खालच्या फेल्टची लव आताच विरळ झाली आहे आणि कागदाची पट्टी तिथे पूर्वीइतकी अडखळत नाही. खालच्या बाजूचा तेवढा तुकडा मी पुढच्या मे महिन्यात, पाऊस येण्यापूर्वी बदलणार आहे. उरलेले दीड मीटर फेल्ट त्यासाठीच सीटमागे गुंडाळून ठेवले आहे.