पहिला पाइप: सरळ घ्यावा की बाकदार?

पाइप घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी फोटो बघतात. फोटोत बाकदार पाइप उठून दिसतो, त्यामुळे तोच घरी येतो. मग जून उजाडतो, प्रत्येक झुरक्याला आतून गुळगुळ आवाज यायला लागतो, जिभेवर कडू पाणी येतं आणि पाइप कपाटात जाऊन पडतो. मुंबईत राहणाऱ्याने पाइपचा आकार आधी इथल्या हवेच्या हिशेबाने बघावा, दिसण्याचा विचार त्यानंतर करावा, असं माझं ठाम मत आहे. पुढची तुलना मी त्याच क्रमाने केली आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून त्याने काही होत नाही, हा समज खोटा आहे. तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या कॅन्सरचा धोका पाइपनेही वाढतो, आणि निकोटीन तोंडाच्या आतल्या अस्तरातूनही रक्तात जातं. ज्याने आजवर तंबाखूला हात लावला नाही त्याने पाइप देखणा वाटला म्हणून सुरुवात करू नये. मी लिहितोय ते आधीच ओढणाऱ्या प्रौढ माणसासाठी, आणि लाकडाच्या प्रेमापोटी पाइप नुसते जमवणाऱ्यासाठी. जमवणारे बरेच आहेत, आणि त्यांचा छंद मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

आता सरळ की बाकदार. पाइपचे भाग तीन: तंबाखू भरायचा बाऊल, त्यातून निघणारी लाकडी नळी म्हणजे शँक, आणि तिला जोडलेलं, दातांत धरायचं स्टेम. तंबाखू जळताना वाफ होते, ती नळीत गार होऊन पाणी होते. पाइप सरळ असेल तर हे पाणी नळीभर पसरतं आणि क्लीनर, म्हणजे नळी साफ करायची केसाळ तार, एका दमात स्टेमच्या टोकापासून बाऊलच्या तळापर्यंत जातो. पाइप तोंडातून न काढता नव्हे, पण न विझवता तरी साफ होतो. बाकदार पाइपात पाणी वळणावर साचतं. त्यात छिद्र पाडताना कारागिराचा हात जरासा चुकला असेल तर क्लीनर स्टेम आणि शँकच्या सांध्यावर अडतो, आणि गरम पाइपाचं स्टेम काढणं हा पाइप फोडायचा खात्रीचा मार्ग. लाकूड तापून फुगलेलं असतं. तेव्हा पिळलं की शँकला चीर जाते. म्हणजे ओल साचलेली आहे, आणि पाइप गार होईपर्यंत काही करता येत नाही.

जुलैत इथल्या हवेत ओलावा ८० टक्क्यांच्या वर असतो. डबा उघडा राहिला की तंबाखू ती ओल ओढून घेते, आणि सुगंधी तंबाखू तर मुळातच ओलसर ठेवलेली असते. जेवढी ओल तंबाखूत, तेवढं पाणी नळीत. त्यामुळे पुण्यात किंवा नाशकात हिवाळ्यात छान चालणारा बाकदार पाइप दादरला पावसाळ्यात त्रास देतो.

बाकदार पाइपाची बाजूही खरी आहे, ती लपवून चालणार नाही. दातांत धरून दोन्ही हात मोकळे ठेवायचे असतील तर बाकदारच बरा. वजन हनुवटीच्या जवळ लोंबतं, जबड्यावर ताण येत नाही. तेच वजन सरळ पाइपात दातांपासून दहा-बारा सेंटिमीटर पुढे असतं, आणि थोड्या वेळाने जबडा दुखायला लागतो. गिरगावात राहणारा माझा एक मित्र संध्याकाळी पुस्तक वाचत पाइप ओढतो. त्याला पानं उलटायला हात लागतात, म्हणून त्याच्याकडे सगळे बाकदारच. मी पाइप हातात धरतो. निवड इथेच निम्मी होते: तुम्ही पाइप दातांत धरणार की हातात? उलट बाकदार पाइपाचा धूर डोळ्यांच्या जवळ येतो आणि पेटवताना बाऊलचं तोंड नीट दिसत नाही, त्यामुळे नवख्याकडून काठ करपतो.

मधला मार्ग म्हणून डब्लिनच्या पीटरसन कंपनीचा ‘सिस्टिम’ पाइप सांगितला पाहिजे. १८९० साली पेटंट घेतलेल्या या रचनेत शँकच्या आत एक खळगा असतो, पाणी त्यात उतरतं आणि धूर वरून कोरडा येतो. धातूच्या कड्यात नुसतं खुपसलेलं स्टेम मधेच काढून पाणी झटकलं तरी चालतं. बाकदारच हवा असा हट्ट असेल तर मुंबईत मी डोळे झाकून हाच घ्यायला सांगेन. तोटा एवढाच की खळग्यात साचलेलं रोज पुसावं लागतं. आळस केलात तर चार दिवसांत त्याला असा वास सुटतो की घरचे विचारतात.

सरळ पाइपांत निवड रंजक आहे. सगळ्यांचा मूळपुरुष बिलियर्ड: उभ्या भिंतींचा बाऊल, गोल शँक, कुठेही नखरा नाही. बाऊलची उंची आणि शँकची लांबी जवळपास सारखी असते, आणि हे प्रमाण बिघडलं तर पाइप बघताक्षणी खटकतो. साधा आहे म्हणून त्यात चूक लपत नाही. ॲपल म्हणजे तोच गोलसर पोटाचा. भिंती मध्यावर जाड असल्यामुळे हाताला कमी चटका बसतो. डब्लिन नावाचा आकार वर रुंद, खाली निमुळता. दिसायला सुंदर, पण तळाशी उरलेली ओली तंबाखू नीट जळत नाही, म्हणून पहिला म्हणून नको. पोकरचा तळ सपाट, टेबलावर उभा राहतो. ज्यांच्या टेबलावर कागदपत्रं पसरलेली असतात त्यांना त्याची किंमत कळते.

लांब शँकवाल्या चार भावंडांत नवखा नेहमी गोंधळतो. कॅनेडियन आणि लंबरमन यांची शँक चपटी-अंडाकृती, लिव्हरपूल आणि लोवॅट यांची गोल. कॅनेडियन आणि लिव्हरपूलचं स्टेम एकसारखं निमुळतं होत जातं, तर लंबरमन आणि लोवॅटचं सांध्यापाशी जाड असतं आणि लगेच पातळ होतं. बाऊल चौघांचा बहुधा बिलियर्डचाच. लांब शँकचा फायदा असा की धुराला लाकडातून जास्त वाट चालावी लागते, लाकूड थोडी ओल शोषतं, आणि स्टेम आखूड असल्याने सांधा दातांच्या जवळ येतो. मला लोवॅट सगळ्यांत जास्त आवडतो. तो आखूड आहे, खिशात मावतो, क्लीनर विनासायास आरपार जातो, आणि नजर त्यात कुठेही अडखळत नाही. इथल्या हवेत पहिला पाइप म्हणून मी लोवॅटच सुचवेन.

आणि तरी हातात घेऊन खाली ठेववत नाही असा आकार कुठला, तर बुलडॉग. बाऊलचा खालचा भाग कपासारखा पसरतो, वरचा भाग घुमटासारखा आत येतो, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे जवळजवळ दोन बारीक रेघा कोरलेल्या असतात. शँक गोल नसून चौकोन कोनावर उभा केल्यासारखी. तिची वरची धार थेट बाऊलपर्यंत यावी लागते. चांगल्या बुलडॉगमध्ये ती धार अंगठ्याने चाचपली तर स्टेमपासून बाऊलपर्यंत कुठेही तुटत नाही. स्वस्त पाइपात सांध्यावर धार किंचित सरकलेली असते, आणि त्या दोन रेघांमधली लाकडाची पट्टी जागोजागी टवके उडालेली असते. ही पट्टी भिंगातून बघण्यासारखी गोष्ट आहे. हाच बाऊल गोल शँकवर बसवला की त्याला ऱ्होडेशियन म्हणतात. बुलडॉगचं रुंद पोट हातात छान बसतं आणि जाड भिंतींमुळे तापतही कमी. पैसे थोडे जास्त जातील, पण नुसता जमवणाऱ्याने पहिला पाइप हाच घ्यावा.

डॅनिश शैलीचा मोह फोटोंमुळेच होतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर, स्वीडनमध्ये जन्मलेले सिक्स्टन इव्हारसन यांनी कोपनहेगनमध्ये बसून ठरीव इंग्लिश आकार सोडले आणि लाकडाचे धागे जिकडे जातील तिकडे पाइप वळवायला सुरुवात केली. त्यातून आलेले मोकळे आकार शिल्प म्हणून मला फार प्रिय आहेत. रोज वापरायला मात्र ते मोठे आणि जड पडतात. लांबलचक स्टेमच्या चर्चवॉर्डनचंही तेच: धूर गार येतो हे खरं, पण तो दातांत धरता येत नाही आणि आपल्या घरांच्या मापाच्या गॅलरीत त्याचं टोक ग्रिलला लागतं.

मुंबईत पाइप ओढायचा कुठे, हाही निवडीचाच भाग आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर बंदी आहे, तेव्हा स्टेशन, ऑफिस, हॉटेल विसरा. राहिलं घर, आणि घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल तर घरही विसरा. उरते ती गच्ची किंवा गॅलरी, जिथे समुद्राकडचं वारं असतं. वाऱ्यात तंबाखू भराभर जळते, बाऊल तापतो, जीभ भाजते. म्हणून पातळ भिंतीचा नाजूक पाइप नको आणि मोठा बाऊलही नको. मोठा बाऊल तास-तासभर चालतो; एवढी सवड इथे कुणाला आहे? तोंडाशी आतून १८-१९ मिलिमीटर व्यासाचा बाऊल भरपूर झाला.

कशाचा बनलेला घ्यावा, यावर मी फार वेळ घेणार नाही. ब्रायर हेच उत्तर आहे. भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी जी गाठ धरते तिचं हे लाकूड. उकळून, महिनोन् महिने वाळवून मग कोरतात. ते उष्णता सोसतं, ओल शोषतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून यावरच पोट भरलं. एकच अट: एकदा ओढला की किमान एक दिवस विश्रांती, आणि पावसाळ्यात दोन. नाहीतर आतल्या काजळीवर पांढरी बुरशी धरते. बंद कपाटातल्या डब्यात ठेवू नका, हवा लागेल असा उघड्यावर ठेवा.

मीरशॉम तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या खाणींतून येतो. दगडच, पण सच्छिद्र आणि हलका, ओल पिऊन घेणारा. वापरता वापरता पांढऱ्याचा मधाळ, मग तपकिरी होत जातो, आणि हा रंग चढताना बघणं हे खरं सुख आहे. पण हातातून निसटून लादीवर पडला की संपला. मक्याच्या कणसाचा पाइप सगळ्यांत स्वस्त. अमेरिकेत मिसुरी राज्यातली मिसुरी मीरशॉम ही कंपनी १८६९ पासून तो बनवते. तोही ओल शोषतो, हलका आहे, सुरुवातीपासून चांगला लागतो, वर्ष-दोन वर्षांत जळून जातो. पाइप आपल्याला मानवतो की नाही हेच अजून ठरलं नसेल तर ब्रायरवर पैसे घालू नका, आधी हा घ्या.

स्टेमबद्दल मात्र मला आग्रह आहे. एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या काळ्या रबराचं, स्टेम दातांना मऊ, सुखाचं, पण ऊन आणि ओल यांनी त्याचा काळा रंग उतरून हिरवट-पिवळा होतो आणि चव गंधकाची येते. खिडकीपाशी ठेवलेला पाइप एका मोसमात असा होतो. ॲक्रिलिक दातांना कडक लागतं, पण रंग सोडत नाही. जुन्या मंडळींना एबोनाइटशिवाय चालत नाही. इथे राहून मी ॲक्रिलिक घेतो. आणि गुळगुळीत की खडबडीत असा प्रश्न पडला तर खडबडीत घ्या. वाळूच्या माऱ्याने मऊ धागे झडतात आणि लाकडाची वर्तुळं उठून येतात. लंडनच्या डनहिल कंपनीने १९१७ च्या सुमारास ही पद्धत पुढे आणली. घामट हाताला पकड मिळते, आणि त्याच पैशात बहुधा जास्त चांगला पाइप मिळतो, कारण गुळगुळीत स्वस्त पाइपांत खड्डे पुट्टीने बुजवलेले असतात.

जुना घ्यायचा असेल तर चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जुन्या घड्याळांच्या आणि चष्म्यांच्या गर्दीत कधीमधी एखादा पाइप हाताला लागतो. शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात. दुकानदार चमकवून देतो ती चमक बघू नका. खिशात क्लीनर ठेवा आणि तो आरपार जातो का बघा. बाऊलमध्ये टॉर्च मारून काजळीखाली चीर किंवा खोलगट जळका डाग आहे का पाहा, आणि शँकच्या टोकावर नख फिरवून केसाएवढी भेग चाचपा. स्टेम अडकलेलं असेल तर तिथेच पिळू नका, दुकानदारालाही पिळू देऊ नका. भाव त्यानुसार खाली आणा, घरी नेऊन पिशवीत गुंडाळून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. गारव्याने स्टेम आकसतं आणि बहुतेक वेळा हलकेच फिरवलं की सुटतं.