कोल्हापूरच्या घड्याळावर आखलेली अंदमान सहल

गेल्या डिसेंबरात कोल्हापुरातील एका लहान सहल संस्थेबरोबर मी अंदमानला जाऊन आलो. आठ रात्री, सोळा माणसे, प्रत्येकी 31,000 रुपये आणि पाठीवर एकच सॅक, असा बेत होता. पन्हाळा ते पावनखिंड ही वाट दोन-तीनदा तुडवलेली असल्यामुळे सॅकची धास्ती नव्हती. एवढ्या पैशांत विमान, बोटी, राहणे आणि दोन वेळचे जेवण ही मंडळी कसे बसवणार, याचे मात्र कुतूहल होते.

त्यांनी ते बसवले, हे आधी सांगितले पाहिजे. हरिप्रिया एक्सप्रेसने तिरुपती, तेथून बसने चेन्नई आणि पुढे विमानाने पोर्ट ब्लेअर, म्हणजे 2024 पासूनचे श्री विजयपुरम, हा मार्ग वेळखाऊ असला तरी खिशाला झेपणारा आहे. बेटांदरम्यान महागड्या खासगी बोटींऐवजी सरकारी बोटीने नेल्यामुळे हॅवलॉकला पोहोचायला अडीच तास लागले, परंतु तिकिटे आधीच काढून ठेवलेली होती आणि वारा खात डेकवर उभे राहता आले. चाकांच्या बॅगांना बंदी घालण्याचा संस्थेचा नियम मला आधी आडमुठेपणाचा वाटला होता. धक्क्यावरून हलत्या फळीवर पाय टाकताना, पुढच्या एका गृहस्थांची सुटकेस दोघांनी उचलून आत घेतलेली पाहिली, तेव्हा तो पटला.

सेल्युलर जेलसाठी राखून ठेवलेले पुरे तीन तास हा या सहलीतील सर्वांत चांगला निर्णय होता. 1906 मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात पाखांपैकी, म्हणजे लांबट इमारतींपैकी, आज तीनच उभ्या आहेत. सावरकर 1911 ते 1921 या काळात येथे होते, त्यामुळे मराठी माणसाची पावले आपोआप त्यांच्या कोठडीकडे वळतात. माझी नजर मात्र दाराच्या कडीवर खिळली. कडीचा दांडा दारापासून लांब, भिंतीतल्या खोबणीत जाऊन बसतो, जेणेकरून आतल्या माणसाने गजांतून हात कितीही ताणला तरी तो तेथवर पोहोचू नये. प्रत्येक पाखेचे तोंड शेजारच्या पाखेच्या पाठीकडे असल्याने समोरच्या कैद्याचा चेहराही दिसत नसे. घाईच्या सहलीत हे नजरेतून निसटले असते.

तक्रार आहे ती वेळापत्रकाविषयी. निघण्यापूर्वी हाती आलेल्या कागदावर ‘सायं. 5.15 : राधानगरी बीच, सूर्यास्त दर्शन’ असे छापलेले होते. किनाऱ्याचे नाव राधानगर. पण छापणाऱ्याचे बोट सवयीने आपल्या धरणाकडे गेले असावे, म्हणून आम्ही हसलो आणि विसरलो. खरी चूक नावात नव्हती, वेळेत होती. अंदमान कोल्हापूरच्या पूर्वेला सुमारे साडेअठरा अंश रेखावृत्तावर आहे, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे डिसेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य तेथे पाचलाच बुडतो. आम्ही कागदाप्रमाणे सव्वापाचला पोहोचलो, तेव्हा जीवरक्षक शिट्ट्या वाजवून लोकांना पाण्याबाहेर काढत होते आणि ज्या पांढऱ्या वाळूसाठी एवढा प्रवास केला, ती करड्या रंगाची दिसत होती.

दोन दिवसांनी नील बेटावर, म्हणजे शहीद द्वीपवर, हाच प्रकार वेगळ्या कारणाने घडला. तेथील नैसर्गिक दगडी पुलापाशी ओहोटीलाच जायचे असते. तेव्हा खडकांतील डबक्यांत समुद्री काकड्या, खेकडे आणि लहान मासे दिसतात. आम्ही गेलो तेव्हा वाटेवर गुडघाभर पाणी होते. लीडरला विचारले, तर तो निरागसपणे म्हणाला, “मागच्या आठवड्यातल्या बॅचला याच टायमाला दिसलंय की हो काका!” दिसणारच. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तासांनी. ज्या वेळी त्या तुकडीला ओहोटी मिळाली, नेमक्या त्याच वेळी आम्हाला भरती मिळाली. पोरगा कष्टाळू आणि मनमिळाऊ होता, एका आजींची सॅक त्याने चार दिवस आपल्या पोटावर बांधून नेली. पण भरतीचे कोष्टक पाहण्याची सवय त्याला कोणी लावली नव्हती.

राहण्याची सोय बेताची, पण स्वच्छ. हॅवलॉकला बांबूच्या झोपड्या आणि चौघांत एक न्हाणीघर होते. कपडे मात्र शेवटपर्यंत वाळले नाहीत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना या दोन्ही बेटांवर वसवले गेले, त्यामुळे साध्या खानावळीत मोहरीच्या तेलातला मासा आणि भाताचा डोंगर समोर येतो. मला तो आवडला. आमच्यातल्या काहींनी तिसऱ्या दिवसापासून कांदा-लसूण चटणीची बरणी ताटाशेजारी ठेवली, त्याबद्दल संस्थेला दोष देता येणार नाही. बाराटांग बेट वगळले, हेही योग्य झाले. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून वाहनांच्या ताफ्यात जाण्या-येण्यातच तो सगळा दिवस गेला असता.

राधानगर हुकल्याची चुटपुट लागलेले आम्ही तिघे दुसऱ्या दिवशी पहाटे रिक्षा ठरवून परत तेथे गेलो. किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य पाठीमागच्या उंच झाडांवरून वर आला, आणि लाटेच्या कडेचा पाण्याचा रंग फिकट हिरव्यापासून निळ्यापर्यंत सरकताना दिसला. रिक्षाचे भाडे अर्थातच पदरचे गेले.

परतल्यावर मी संस्थेला दोन्ही वेळांविषयी सविस्तर पत्र लिहिले. पुढच्या सहलीचा कागद परवा पाहण्यात आला. त्यात नीलची वेळ ‘ओहोटीनुसार’ अशी आहे आणि समुद्रकिनाऱ्यावर दुपारी साडेतीनलाच पोहोचायचे आहे. किनाऱ्याचे नाव अजून राधानगरीच आहे.